तळ्याकाठची संध्याकाळ केली, पण आकाश मातकट झालं. चित्र वाचेल का?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी, गेले तीन दिवस जलरंगातल्या एका चित्रावर बसलेय आणि आता हात लावायची भीती वाटतेय म्हणून विचारते. विषय तसा साधाच, तळ्याकाठची संध्याकाळ, मागे डोंगरांची एक रांग, उजवीकडे तीन झाडं आणि पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन, बोर्डावर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट बसवलाय.

सुरुवात खरंच छान झाली होती. क्षितिजाजवळ पिवळा, त्यात थोडा गुलाबी मिसळून केशरी, असा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला तो इतका सुंदर पसरला की मी नुसती बघत बसले. मग वरून निळा आणायला गेले आणि निळा न् केशरी जिथे भेटले तिथे हिरवट-तपकिरी असा आडवा पट्टा तयार झाला. वाटलं थोडं पाणी सोडलं की विरघळेल, म्हणून ओला ब्रश टेकवला तर तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कड असलेला मोठा डाग पडला. तो घालवायला परत ब्रश फिरवला आणि आता पट्टा आधीपेक्षा रुंद आणि मळका झालाय.

शिवाय झाडं ट्यूबमधल्या सॅप ग्रीनने सरळ रंगवली ती खेळण्यातली वाटतायत, बाकी चित्र संध्याकाळचं आणि झाडं भर दुपारची. आणि कळस म्हणजे पाण्यातला जो उजेडाचा पांढरा पट्टा मी जपून कोरा ठेवला होता त्यावर निळ्याचा एक थेंब पडला, तो टिपला पण डाग राहिलाच.

डोंगर मात्र फार चांगले जमलेत. म्हणून हे चित्र टाकवत नाहीये. आईला द्यायचं ठरवलंय, तिलाही हे तळं फार आवडतं. यातून काही निघू शकेल का? की नवीन कागद घेऊ?

ओला_वॉश

टाकू नका. पण आधी एक करा, आज त्याला अजिबात हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, म्हणजे वरवर नाही, आतून. बोटांची मागची बाजू कागदाला हलकी टेकवून बघायची, गार लागलं तर अजून आत ओल आहे. जलरंगातली निम्मी चित्रं चूक झाल्यामुळे जात नाहीत, चूक झाल्यावर अर्धवट ओल्यात आपण जे करतो त्यामुळे जातात, तुमच्याकडे पण डाग पडल्यावर जो दुसऱ्यांदा ब्रश फिरला त्यानेच पट्टा रुंद झाला.

आणि वाळल्यावर रंग फिकट होतात हे विसरू नका, आत्ता जे भयंकर दिसतंय ते उद्या तेवढं दिसणार नाही.

निळा कुठला वापरलात? नाव नको, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे मूळ रंगद्रव्याचा, कोड असतो, पी ने सुरू होणारा, तो सांगा. पिवळा, गुलाबी आणि हिरवा यांचेही सांगा. त्याशिवाय सल्ला देणं म्हणजे अंधारात हात मारणं.

तळ्याकाठी

इतक्या लगेच उत्तर आलं, बरं वाटलं. निळ्यावर पीबी १५:३ लिहिलंय. पिवळा पीवाय ३५, गुलाबी पीव्ही १९. सॅप ग्रीनवर दोन कोड आहेत, पीजी ७ आणि पीवाय १५०. याचा अर्थ काय ते मात्र मला माहीत नाही.

ओला_वॉश

छान, आता नीट बोलता येईल. जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

पीबी १५:३ म्हणजे थॅलो ब्लू, हिरव्याकडे झुकणारा. फार ताकदीचा रंग आहे, तांदळाएवढा घेतला तरी अख्खा वॉश बदलतो. पीव्ही १९ म्हणजे क्विनॅक्रिडोन, तुमचा गुलाबी, आणि पीवाय ३५ हा कॅडमियम यलो, अपारदर्शक. म्हणजे तुमच्या त्या पट्ट्यात पिवळा, गुलाबी आणि निळा असे तिन्ही एकत्र आले, शिवाय त्यातला पिवळा अपारदर्शक. केशरी आणि निळा एकमेकांच्या समोरचे रंग, ते एकमेकांना मारतात आणि करडा-तपकिरी होतो. निळा हिरवट असल्यामुळे आणि पिवळा खाली आधीपासून असल्यामुळे त्यात हिरवी झाक आली. तुमचा हात चुकला नाही, या तीन रंगांची ओल्यात गाठ पडली की हेच होणार होतं. पुढच्या वेळी पिवळ्यानंतर मध्ये फक्त गुलाबीचा पट्टा घ्या आणि निळा त्या गुलाबीलाच भेटवा, मधे जांभळट होईल, संध्याकाळच्या आकाशात जांभळं शोभतं.

आता वाचवायचं कसं. जलरंगात बाइंडर म्हणून, म्हणजे रंग कागदाला धरून ठेवायला, गम अरेबिक हा डिंक असतो आणि तो वाळला तरी पाण्यात परत सुटतो, म्हणूनच वाळलेला रंग उचलता येतो. पण सगळे पिगमेंट सारखे सुटत नाहीत. कोबाल्ट, सेरुलियन, अल्ट्रामरीन हे निळे बऱ्यापैकी निघतात. थॅलोचे कण फार बारीक, ते कागदाच्या तंतूत जाऊन बसतात आणि डाग धरतात, क्विनॅक्रिडोनचंही तसंच. म्हणजे तुम्हाला पांढरा कागद परत मिळणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. पांढरा मिळवायच्या हट्टात माणूस घासत राहतो आणि कागद फाडतो. आपल्याला पांढरा नकोच आहे. पट्टा आजूबाजूच्या आकाशाएवढा फिकट झाला की काम झालं, पुढचं वरून पातळ थर देऊन करता येतं.

पद्धत अशी. स्वच्छ पाणी, दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक फक्त स्वच्छ पाणी उचलायला. गढूळ पाण्याने उचलायला गेलात तर जितकं काढाल तितकंच परत घालाल. मऊ सपाट ब्रशने पट्ट्यावर पाणी लावायचं, पट्ट्याच्या कडेच्या थोडं बाहेरपर्यंत, नाहीतर नवीन कड पडते. लावून थांबायचं, अर्धा मिनिट, गम सुटायला वेळ लागतो. मग ब्रशने अगदी हलके दोनतीनदा फिरवायचं आणि लगेच टिपायचं. टिपायला जुनं सुती कापड सगळ्यात चांगलं, टिश्यूचे कण राहतात. टिपायचं म्हणजे दाबून उचलायचं, पुसायचं नाही. प्रत्येक वेळी कापडाची कोरी जागा घ्यायची. दोन वेळा झालं की थांबा, पूर्ण वाळू द्या, बघा, मग हवं तर परत. एका बैठकीत सगळं काढायला गेलं की कागदावरचं साइझिंग जातं, म्हणजे जिलेटिनचा किंवा तसाच तो थर ज्यामुळे रंग वर थांबतो, आणि मग तिथे पुढचा वॉश टिपकागदासारखा शोषला जातो, डाग डाग दिसतो.

आणि हे सगळं चित्रावर करायच्या आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर तेच रंग लावून, वाळवून, उचलून बघा. दहा मिनिटं जातात पण हात किती जोरात चालवायचा ते कळतं.

पाणीजास्त

मी तर सरळ नळाखाली धरते. टेप काढा, कागद नळाखाली धरा, मऊ ब्रशने आकाश धुवा, परत बोर्डावर ताणून लावा. खाली एक हलकी झाक राहते ती सुंदर दिसते, त्यावर नवीन आकाश करा. कॉटन ३०० जीएसएम हे आरामात सहन करतो. मी एका चित्राचं आकाश असं दोनदा धुतलंय आणि आज ते माझ्या भिंतीवर आहे.

ओला_वॉश

@पाणीजास्त, पद्धत चुकीची नाही, अख्खं चित्र बिघडलं असेल तर मीही तेच करतो. पण इथे डोंगर चांगले झालेत असं त्या म्हणतायत आणि डोंगर आकाशाला लागूनच आहेत. नळाखाली डोंगरही जाणार. जे जमलंय ते वाचवणं पहिलं.

पाणीजास्त

हो, डोंगरांचं मी नीट वाचलं नाही, माफ करा. मग नळ नको. पण डोंगराच्या कडेला उचलताना पारदर्शक प्लॅस्टिकची शीट कापून ती डोंगरावर धरा, कड वाचते. मी फाइलच्या जुन्या कव्हरची करते. शीटच्या खाली पाणी जाऊ नये म्हणून ब्रश जवळपास कोरडाच ठेवायचा आणि शीटकडून बाहेरच्या दिशेने ओढायचा, बाहेरून शीटकडे नाही.

कोरडाकुंचला

झाडांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, आणि आकाशाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे तेही सांगते.

झाडं आधी. तुमच्या सॅप ग्रीनमध्ये पीजी ७ म्हणजे थॅलो ग्रीन आहे, तो उचलायच्या भानगडीत पडू नका, निघणारच नाही आणि झाडाची कड मात्र विस्कटेल. भडक हिरव्याला काढायचं नसतं, शांत करायचं असतं. त्याच्या समोरचा रंग म्हणजे लाल. पीव्ही १९ तुमच्याकडे आहेच, तो भरपूर पाण्यात इतका पातळ करा की कोऱ्या कागदावर जेमतेम दिसेल, आणि पूर्ण वाळलेल्या झाडांवर मऊ ब्रशने एकदाच फिरवा. एकदाच. दुसऱ्यांदा त्याच जागी ब्रश गेला की खालचा हिरवा हलतो आणि परत चिखल. हिरवा लगेच मावळतीचा होतो, खरंच बघण्यासारखं असतं ते. बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, असेल तर तो त्याहून बरा, जरा मातीची ऊब येते. मग सावलीच्या बाजूला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून एक गडद, काळपट छटा, फक्त बुंध्याजवळ आणि खालच्या फांद्यांत. काळा रंग घेऊ नका, झाड मरतं. सूर्य झाडांच्या मागे असेल तर झाडं तशीही गडदच दिसणार ना, त्यांच्यात हिरवा किती कमी दिसतो हे एखाद्या संध्याकाळी बाहेर उभं राहून बघा.

आणि हेच प्रतिबिंबातही करा, विसरू नका, नाहीतर वर संध्याकाळ आणि पाण्यात दुपार.

आता आकाश. चित्राचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. मी प्रत्येक अडलेल्या चित्राला हे करते. रंग निघून गेले की फक्त गडद-फिकट उरतं आणि खरा बिघाड कुठे आहे ते दिसतं. पुष्कळदा आपण रंगाला दोष देतो आणि बिघडलेलं असतं ते गडदपण. त्या फोटोत तो पट्टा आजूबाजूच्या आकाशात मिसळून जात असेल तर बिघाड फक्त रंगाचा आहे आणि तो पातळ थराने सुटेल, उचलायचीही गरज नाही. पट्टा गडद दिसत असेल तर मग उचला.

तिसरी शक्यता मला सगळ्यात आवडते, की तो ढग आहे. मातकट करडा, आडवा, क्षितिजाच्या वर. संध्याकाळी असेच ढग असतात! आणि तुमचा तो कातरलेला डाग म्हणजे ढगाची वरची कड. डागाच्या आतली बाजू फिकट आणि बाहेरची कड गडद असते, कारण पाण्याने रंग ढकलत नेऊन कडेला टाकलेला असतो. ती कड एका बाजूने, खालच्या, ओलसर ब्रशने मोडून टाका म्हणजे विरत जाईल, वरची तशीच ठेवा. एक बाजू टोकदार आणि एक विरलेली म्हटलं की डोळा तिला ढग म्हणूनच वाचतो. मग पोटाकडे अगदी पातळ जांभळट. माझ्या मते तुमच्या चित्राला तो ढग हवाच होता, नुसत्या पिवळ्या-निळ्या आकाशापेक्षा यात जीव येईल.

रंगपेटी

थेंबाबद्दल लिहितो. तो थॅलो आहे आणि कोऱ्या कागदावर पडलाय म्हणजे अवघड जागा. मेलामाइन स्पंज मिळतो ना, डाग घासायचा पांढरा, त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा, ओला करून पिळून घ्या आणि थेंबाच्या जागी प्लॅस्टिकला तेवढंच भोक पाडून त्यातून दोनतीनदा हलकं टेकवत फिरवा. साबण घातलेला स्पंज घेऊ नका, साधा. हा स्पंज म्हणजे फार बारीक पॉलिश पेपरच समजा, रंगाबरोबर कागदाचा वरचा थरही जातो, त्यामुळे एकदाच आणि एवढ्याशा जागेतच.

तरी झाक राहिली तर पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. कोरा कागदच पांढरा राहिला पाहिजे असं मानणारे आहेत, मला पटत नाही. विन्स्लो होमरसारख्या मोठ्या चित्रकाराने जलरंगात उचलणं, टिपणं, खरवडणं सगळं केलंय, टर्नरही कागद खरवडून उजेड काढायचा, सार्जंटच्या जलरंगांत तर अपारदर्शक पांढरा ठिकठिकाणी दिसतो. फक्त कोडवर पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम आहे ना बघा, पीडब्ल्यू ४ झिंक असतो तो थोडा पारदर्शक, निळी झाक खालून दिसत राहील. सायीसारखा दाट घ्या, एक फटकारा, संपलं. आणि नुसता पांढरा नको, टोचभर पिवळा घाला कारण पाण्यातला उजेड आकाशाचाच आहे, निव्वळ पांढरा तिथे खडूसारखा दिसेल.

ब्लेडने खरवडून पण उजेड काढता येतो, पाण्यावरच्या चमकीला ते फारच सुंदर लागतं, कागदाचा दाणा वर येतो. पण ते सगळ्यात शेवटी, चित्र पूर्ण झाल्यावर. खरवडलेल्या जागी नंतर रंग लावलात तर तो भसकन शोषला जातो.

तळ्याकाठी

सगळ्यांचे खूप आभार, मी प्रत्येक प्रतिसाद दोनतीनदा वाचला. चार दिवसांनी लिहितेय, काय काय केलं ते सांगते.

आधी वाळू दिलं, पूर्ण दिवस. खरंच दुसऱ्या दिवशी पट्टा तेवढा भयानक दिसत नव्हता. मग ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला आणि आश्चर्य म्हणजे पट्ट्याची डावी बाजू आकाशात जवळजवळ मिसळत होती, फक्त उजवी बाजू, जिथे मी परत परत ब्रश फिरवला होता, तेवढीच गडद होती. म्हणजे मला जो अख्खा पट्टा खराब वाटत होता त्यातला एक तृतीयांशच खराब होता. तेवढाच उचलला, आधी तुकड्यावर करून बघितलं आणि बरं झालं बघितलं, पहिल्यांदा मी फारच जोरात घासलं होतं. चित्रावर दोन वेळा केलं, मधे रात्रभर वाळवलं. हिरवट झाक थोडी राहिलीय पण त्यावर पीव्ही १९ चा अगदी पातळ थर दिला आणि ती करडी-जांभळी झाली. डागाची वरची कड तशीच ठेवून खालची मोडली, आणि आता तिथे ढग आहे! मी त्याला ढग म्हटलं नव्हतं, घरी न सांगता दाखवलं तर पहिलं वाक्य हेच आलं की ढग छान झालाय. मला रडूच आलं.

झाडांवर बर्न्ट सिएना दिला. एकदाच. हात थरथरत होता पण दिला. प्रतिबिंबातही दिला. झाडं आता मागे सूर्य असल्यासारखी दिसतायत.

थेंबाचं मात्र थोडं बिनसलं. स्पंजने निळा बराचसा गेला पण मी पाच-सहा वेळा फिरवला आणि तिथे कागदाचं तूस वर आलंय, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. त्यावर गुआश लावू का तसाच?

रंगपेटी

लगेच लावू नका, तुसावर गुआश गोळा होऊन बसेल आणि आडव्या उजेडात ठिपका दिसेल. पूर्ण वाळू द्या. मग त्या जागेवर एक स्वच्छ गुळगुळीत कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने वरून गोल गोल दाबत घासा, तूस बसतं. उभी राहिलेली एखादी मोठी तार असेल तर बारीक कात्रीने कापा, ओढू नका. जागा गुळगुळीत झाली की एक दाट फटकारा, आणि ब्रश परत टेकवायचा नाही.

कोरडाकुंचला

ढगाचं वाचून फार आनंद झाला. टेप काढताना कागदापासून बाहेरच्या बाजूला, अगदी आडवी, हळूहळू ओढा, वर उचलून नाही. इतकं सगळं वाचवल्यावर कडेला कागद सोलला जायला नको. जागा चिकट वाटली तर हेअर ड्रायरने टेप जरा गरम करा, गोंद सैल होतो.

तळ्याकाठी

चमचा केला, तूस बसलं. गुआशमध्ये पिवळा घालून एक फटकारा दिला. डाग कुठे होता ते आता मलाही शोधावं लागतंय. टेप उद्या सकाळी काढते, चांगल्या उजेडात.